म्हातारपणाचा सूट, मुकी डमी आणि निसरडी चादर: वृद्धसेवा शिकवण्याच्या साधनांची पारख

वृद्धांची काळजी घ्यायला शिकवणारे केंद्र साहित्य खरेदीला निघाले की यादीत पहिले नाव असते म्हातारपणाचा अनुभव देणाऱ्या सूटचे आणि दुसरे पूर्ण उंचीच्या डमीचे. दोन्ही दिसायला रुबाबदार, फोटोत उठून दिसणारी. माणसाला पलंगावर सरकवायची स्लाइड शीट, उभे करताना कमरेला बांधायचा ट्रान्सफर बेल्ट, दहा मिलिलिटरची सिरिंज यांचा नंबर शेवटी, उरलेल्या पैशांत. आमच्या मते हा क्रम जवळजवळ उलटा करायला हवा.

पारख करताना प्रत्येक साधनाला एकच प्रश्न लावला आहे: शिकणाऱ्याची चूक झाली तर साधन ती तिथल्या तिथे दाखवते का? जिवंत माणूस कण्हतो, अंग आखडतो, हात झटकतो, ठसकतो. साधनाने यातले थोडे तरी करायला हवे. चूक निमूटपणे पचवणारे साधन सराव करून घेते खरे, पण चुकीचा.

म्हातारपणाचा सूट

या कल्पनेचा जन्म रुग्णसेवेत झालेला नाही. फोर्ड कंपनीने १९९० च्या दशकात मोटारींची रचना करणाऱ्या तरुण अभियंत्यांसाठी 'थर्ड एज सूट' वापरात आणला. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या एजलॅबचा 'अ‍ॅग्नेस' हा सूटही वस्तू आणि जागा यांची रचना करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच पुढे आला. दाराची मूठ कुठे असावी, पायरी किती उंच असावी, हे ठरवणाऱ्याला सूट फार उपयोगी पडतो. काळजी घेणाऱ्याला तो तितका उपयोगी पडेलच असे नाही.

बहुतेक सूटमध्ये गुडघे आणि कोपरे आखडणारे पट्टे, मानेची कॉलर, वजनाचे जाकीट, मनगटांना आणि घोट्यांना बांधायची वजने, जाड हातमोजे, पिवळसर काचांचा चष्मा आणि कानांवरचे मफ असतात. यातला चष्मा अव्वल आहे. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळसर होते, निळ्या छटा मंदावतात आणि दोन फिक्या रंगांतला फरक पुसट होतो. चष्मा घालून पांढऱ्या बशीतली पांढरी गोळी शोधायला सांगा, गडद निळे आणि काळे मोजे वेगळे करायला सांगा, एकाच रंगाच्या जिन्याची शेवटची पायरी कुठे संपते ते विचारा. चूक लगेच हाती लागते. त्यानंतर गोळ्या गडद ताटलीत काढायला आणि पायरीच्या कडेला उठावदार पट्टी लावायला वेगळे सांगावे लागत नाही.

कानांचे मफ मात्र चक्क उलटे शिकवतात. वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. स्वर ऐकू येतात. स, श, फ, त यांसारखी व्यंजने गळतात. म्हणून तर 'ऐकू येतं, पण कळत नाही' ही तक्रार असते. ओरडले की स्वर आणखी मोठे होतात, व्यंजने तिथेच राहतात आणि चेहरा रागावलेला दिसतो, ते वेगळेच. मफ मात्र सगळाच आवाज दाबतो, त्यामुळे मफ घातलेल्याशी ओरडून बोलले की काम भागते आणि शिकणारा हाच उपाय घेऊन बाहेर पडतो. त्यापेक्षा वरच्या पट्टीचे आवाज गाळलेले बोलणे हेडफोनवर ऐकवावे, मागे पंख्याचा आणि टीव्हीचा आवाज ठेवावा. मग समोर बसून, ओठ दिसतील असे, सावकाश आणि खालच्या सुरात का बोलायचे हे आपोआप पटते.

पट्टे आणि वजने यांचा उपयोग वीस मिनिटांपुरता. खुर्चीतून उठणे, कमोडवर बसणे, खाली पडलेली वस्तू उचलणे, गोळ्यांचे पाकीट फोडणे एवढे करून घ्यावे. जिन्यावर नेताना खालच्या बाजूला एक जण उभा हवाच, कारण नजर आणि तोल दोन्ही एकदम काढून घेतलेले असतात. पाठीचे दुखणे, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल त्यांनी सूट घालू नये. शिवाय सूट पाच मिनिटांत चाळीस वर्षांनी म्हातारे करतो. खरा म्हातारा माणूस ते अंतर चाळीस वर्षांत कापतो आणि वाटेत शंभर युक्त्या शिकतो. सूट काढणारा 'केवढे हे हाल!' म्हणत बाहेर येतो, आणि त्या कळवळ्यातून सगळी कामे स्वतःच करून टाकायला लागतो. ज्याचे सगळे दुसराच करतो त्याचे पाय महिन्या-दोन महिन्यांत आणखी लुळे पडतात. म्हणून सूट उतरवल्यावर 'कसं वाटलं?' हे विचारूच नये. 'खुर्ची दहा सेंटिमीटर उंच असती तर काय बदललं असतं?' असे विचारावे.

घरगुती पर्यायात बुटात वाटाणे घालतात. त्याने पाय दुखतो, पण मज्जातंतूंच्या आजारात पायाला जमीन कळेनाशी होणे हा मोठा धोका असतो. तो वाटाण्यांनी कळत नाही. बुटात जाड स्पंज घातला तर तोल जाणे म्हणजे काय ते जास्त नीट कळते.

डमी

माहितीपत्रकात सगळ्यात आधी वजनाचा रकाना वाचा. सेवासरावाच्या अनेक डमी वीस किलोच्या आसपास किंवा त्याहून हलक्या असतात, म्हणजे उचलायला, ठेवायला सोयीच्या. ही सोयच नडते. साठ किलोच्या माणसाचा एक पाय साधारण दहा किलोचा असतो. अमेरिकेतल्या नायोश या कामगार-आरोग्य संस्थेच्या संशोधकाने २००७ मध्ये रुग्ण उचलण्यासाठी सुचवलेली मर्यादा सुमारे १६ किलो आहे, तीही सगळी परिस्थिती अनुकूल असेल तर. म्हणजे पूर्ण माणूस हातांनी उचलणे कुणाच्याच आवाक्यात नाही. हलकी डमी मात्र दोघे जण काखेत हात घालून सहज वर सरकवतात, आणि डमी 'आई गं' म्हणत नाही. काखेत हात घालून ओढण्याची ही सवय पुढे जिवंत माणसाच्या खांद्यावर बेतते. पक्षाघातात खांद्याचे स्नायू सैल पडलेले असले तर हात ओढल्याने सांधा खाली निसटतो आणि महिनोन्‌महिने दुखत राहतो.

दुसरी उणीव सांध्यांची. डमीचा हात कितीही झपाट्याने वाकवा, सारखाच वाकतो. स्मृतिभ्रंश बळावलेल्या माणसाचा हात जितक्या घाईने हलवाल तितका ताठ होतो आणि सावकाश हलवला तर ढिला पडतो. शिकाऊ सेवकाला हे ठाऊक नसले की तो 'पेशंट मुद्दाम विरोध करतोय' असे समजतो, जोर लावतो आणि दंडावर बोटांचे काळे-निळे वळ उठतात. सदरा घालताना दुबळा हात आधी, काढताना दुबळा हात शेवटी, हा नियमही डमीवर निरर्थक ठरतो, कारण तिचे दोन्ही हात सारखेच. यावर साधा तोडगा आहे: एका कोपराभोवती लवचीक क्रेप बँडेज घट्ट गुंडाळावे, म्हणजे हात अर्धवट वाकलेलाच राहतो. आता सदरा घालायला लावा. उलट क्रमाने घालणाऱ्याची बाही अडकते आणि चूक उघडी पडते.

बेडसोरचे, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांचे, बदलता येणारे तुकडे ही डमीची सगळ्यात चांगली बाजू. डोक्याकडून पायाकडे लांबी, तिला काटकोनात रुंदी, सगळ्यात खोल जागी ओलसर स्वॅब उभा धरून खोली, आणि कडेखाली पोकळी असेल तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे 'दोन ते पाचच्या दरम्यान' अशी नोंद, हे सगळे त्यांवर उत्तम बसते. दोन प्रशिक्षणार्थींची मापे जुळली नाहीत की चूकही दिसते. पण हे सगळे जखम झाल्यानंतरचे. पहिली पायरी, म्हणजे कातडी शाबूत पण दाबल्यावरही लाली न हटणे, रंगवलेल्या रबरावर दाखवताच येत नाही. त्यासाठी पारदर्शक प्लॅस्टिकची चकती घ्या, कातडीवर तीन सेकंद दाबा आणि खालची लाली फिकी होते का ते पाहा. प्रशिक्षणार्थींनी एकमेकांच्या कोपरावर, गुडघ्यावर करून पाहावे. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे शेजारच्या भागापेक्षा ती जागा गरम वाटते का, टणक किंवा पिठूळ लागते का, हात लावल्यावर माणूस कळवळतो का, हे तपासायचे. फिक्या गुलाबी डमीवर शिकलेल्यांच्या हातून नेमके हेच निसटते.

कातडीवरचा ओढही डमी दाखवत नाही. पलंगाचे डोके ३० अंशांच्या वर उचलले की माणूस हळूहळू पायथ्याकडे घसरतो. कातडी चादरीला चिकटून राहते, आतले हाड पुढे जाते आणि माकडहाडावरच्या खोल थरांतला रक्तपुरवठा पिळला जातो. डमीचे रबर गादीला चिकटून बसते, म्हणून ती सरकतच नाही. हा पाठ शिकाऊलाच पलंगावर झोपवून द्यावा. डोके वर केले की सदरा पाठीमागे कसा ओढला जातो ते त्याला कळते, आणि क्षणभर पुढे वाकवून पाठ मोकळी केली की काय फरक पडतो तेही. कुशीवर वळवताना ३० अंशांचा कल, पाठीला उशीचा आधार आणि पोटरीखाली उशी घेऊन टाच अधांतरी, एवढे मात्र डमीवर चालते. टाचेखालून कागद सहज जातो का, ही तपासणी सोपी आणि खात्रीची.

देखभालीत दोन गोष्टींनी हमखास घोटाळा होतो. बॉलपेनची शाई आणि वर्तमानपत्राची छपाई रबरात मुरते, कशानेच जात नाही. डमी वर्तमानपत्रावर झोपवू नये. कॅथेटर (लघवीची नळी) आणि नाकातली नळी यांच्या सरावासाठी कंपनीने सांगितलेले किंवा पाण्यात विरघळणारे वंगण घ्यावे, व्हॅसलीनने रबर फुगते आणि सैल होते. सराव संपला की पोटातली टाकी पूर्ण रिकामी करून, झाकण उघडे ठेवून वाळवावी. नाहीतर पुढच्या तुकडीचे स्वागत बुरशीच्या वासाने होते.

आमचा सल्ला: सगळे एकातच देणारी महागडी डमी घेऊ नका. अग्निशमन दलाच्या सरावासाठी ५० ते ७० किलोच्या साध्या वजनदार डमी मिळतात, त्यातली एक घ्या. जखमांचा संच आणि कॅथेटरचा कटिभाग वेगळे घ्या. वजनदार डमी होइस्टची, म्हणजे माणूस उचलणाऱ्या यंत्राची, झोळी लावायला शिकवण्यासाठी तर फारच कामाची, कारण झोळीचा पट्टा चुकीच्या हुकात अडकवला की ती तिरकी लोंबते.

स्लाइड शीट आणि ट्रान्सफर बेल्ट

सगळ्या सामानात ही निसरडी चादर आमची सर्वाधिक लाडकी. नायलॉनचे गुळगुळीत कापड, नळीसारखे शिवलेले किंवा दोन सपाट तुकड्यांत. चूक केली की हलत नाही, बरोबर केले की इतकी सहज सरकते की शिकणारा दचकतो.

क्रम असा. पलंगाचे ब्रेक लावा. पलंग उंच करा, दोघांपैकी बुटक्या सेवकाच्या कमरेपर्यंत. काय करणार ते झोपलेल्या माणसाला सांगा. त्याला कुशीवर वळवा, अर्धी गुंडाळलेली शीट पाठीलगत ठेवा, परत वळवून दुसऱ्या बाजूने उलगडा. गुडघे वाकवता येत असतील तर वाकवायला आणि हनुवटी छातीकडे न्यायला सांगा. आता दोघांनी वरचा थर अंगाजवळ, तळवे वर करून धरायचा, एक पाय सरकवण्याच्या दिशेने पुढे, आणि कोपरे न वाकवता शरीराचा भार मागच्या पायावरून पुढच्या पायावर न्यायचा. बस्स, माणूस वर सरकतो.

चुका ठरलेल्या असतात. टाच किंवा डोके शीटबाहेर राहिले की तिथे ब्रेक लागतो. दंडांच्या जोरावर वर उचलायला गेले तर दमछाक होते आणि माणूस सरकत नाही. दोघांनी वेगवेगळ्या क्षणी ओढले तर तो तिरका होतो, म्हणून मोजणारा एकच असावा, आणि 'तीनला' हलायचे की 'तीननंतर' हे आधी ठरवावे. शीट काढताना ती हिसकायची नाही. खालच्या थराचा कोपरा आत, स्वतःखाली दुमडत दोन थरांमधून सरकवून काढायची, म्हणजे कातडीला ओढ बसत नाही. आणि काढायचीच. अंगाखाली राहिलेल्या शीटवरून माणूस रात्री पलंगाबाहेर घसरतो. म्हणून घेताना रंग चादरीच्या अगदी विरुद्ध निवडावा. पांढरी स्लाइड शीट ही खरेदीतली सरळसरळ चूक आहे. शिवण उसवली किंवा कापडाचा गुळगुळीतपणा विरला की ती सेवेतून काढून टाकावी.

ट्रान्सफर बेल्टबद्दल गैरसमज फार. तो उचलायला नाही, तोल सावरायला आहे. हे एक वाक्य न शिकवणाऱ्या केंद्राला बेल्ट न दिलेला बरा. कपड्यांवरून, कमरेवर, बक्कल मधोमध न ठेवता थोडे बाजूला, आणि आत दोन बोटे सपाट जातील इतका घट्ट. झोपलेला असताना बांधला असेल तर बसवल्यावर पुन्हा आवळा, कारण बसल्यावर पोटाचा आकार बदलतो, बेल्ट सैल होऊन बरगड्यांवर चढतो आणि धरल्यावर तिथेच आवळतो. पकड खालून, तळवा वर. पोटाची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, पोटातून घातलेली अन्न देण्याची नळी, स्टोमा (पोटावर काढलेले शौचाचे तोंड), पोटातल्या महाधमनीचा फुगवटा, मोडलेल्या बरगड्या, मणक्याचे ताजे फ्रॅक्चर, यांत बेल्ट वापरू नये. उभे करताना आधी खुर्चीच्या कडेशी सरकवणे, पाय गुडघ्यांच्या किंचित मागे, 'आजोबा, नाक पायाच्या बोटांच्या पुढे आणा' असे सांगणे, आणि दुबळ्या बाजूला उभे राहून आपल्या गुडघ्याने त्यांचा गुडघा अडवणे.

साध्या पट्ट्यापेक्षा उभ्या-आडव्या मुठी असलेला रुंद बेल्ट घ्यावा. एक गोष्ट मात्र कोणताच बेल्ट सांगत नाही: उभे राहिल्यावर कोसळणारा रक्तदाब. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर तो धोक्याचा इशारा. पलंगाच्या कडेला मिनिट-दोन मिनिटे पाय हलवत बसवणे हा प्रत्येक वेळच्या क्रमाचाच भाग असावा. हे एखाद्याला वेळकाढूपणा वाटत असेल तर त्याला वृद्धसेवेत आणूच नये.

गिळण्याचा संच: थिकनर, सिरिंज, चमचा

गिळायला त्रास होणाऱ्याला पातळ पाणी झपकन श्वासनलिकेत उतरते, म्हणून ते थिकनर नावाच्या पावडरीने घट्ट करून देतात. 'थोडं घट्ट' म्हणजे किती, यावरून पूर्वी प्रत्येक ठिकाणी वेगळा गोंधळ असे. आयडीडीएसआय या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीने तो मिटवला. ० ते ७ अशा पातळ्या आहेत, त्यातल्या ० ते ४ पेयांसाठी. मोजायला लागते फक्त दहा मिलिलिटरची सिरिंज.

सुई काढा, दट्ट्या काढा, टोकावर बोट ठेवा. दहाच्या खुणेपर्यंत पेय भरा. बोट काढून बरोबर दहा सेकंद वाहू द्या, पुन्हा बोट लावा. आत एक मिलिलिटरहून कमी राहिले तर पातळी ०, एक ते चार राहिले तर १, चार ते आठ राहिले तर २, आठहून जास्त राहूनही थोडे तरी वाहिले तर ३. काहीच वाहिले नाही तर ४, आणि मग सिरिंज बाजूला ठेवून काटा-चमच्याची चाचणी: काट्यावर ढीग टिकतो का, चमचा तिरका करून हलकेच झटकल्यावर गोळा एकसंध पडतो का. अख्ख्या वृद्धसेवेत इतक्या थोडक्यात इतका स्पष्ट निकाल देणारे दुसरे साधन आमच्या तरी डोळ्यांसमोर नाही.

पण सिरिंजमध्येच मेख आहे. दहा मिलिलिटरच्या सगळ्या सिरिंज सारख्या नसतात. शून्यापासून दहापर्यंतच्या खुणांची लांबी ६१.५ मिलिमीटर असलेलीच या चाचणीला चालते. आखूड आणि जाडी किंवा लांब आणि बारीक असली की वाहण्याचा वेग बदलतो आणि पातळी २ चे पेय १ ठरते. खोके उघडण्याआधी पट्टी लावून पाहा. चाचणी ज्या तापमानाला पेय द्यायचे त्याच तापमानाला करा, आणि पेयात गुठळी नसू द्या. एक गुठळी टोकाशी अडली की निकाल खोटा.

थिकनर दोन जातींचे. पिष्टाचे स्वस्त पडते, पण ठेवल्यावर आणखी घट्ट होत जाते आणि तोंडात लाळेतल्या अमायलेज या पाचक द्रव्याने पातळ होते. म्हणजे कपात पातळी २, घशात भलतेच. झँथन गमचे थिकनर लाळेला दाद देत नाही आणि ढवळून डब्यावर सांगितलेला वेळ थांबले की स्थिर राहते. आमची पसंती निःसंशय झँथनला. नवशिक्या हातांची नेहमीची चूक म्हणजे घट्ट झाले नाही म्हणून लगेच दुसरा चमचा टाकणे. दोन मिनिटांनी तो लगदा होतो, मग त्यात पाणी, मग गुठळ्या. पावडर आधी की पाणी आधी, चमचा सपाट की शिगोशीग, हे डब्यावर जसे लिहिले असेल तसेच. घरातला हाताला येईल तो चमचा नाही, डब्यातलाच.

या संचाचा सराव प्रशिक्षणार्थींनी एकमेकांना भरवून करावा. दर वेळी अर्धा चमचा, सरळ बसून, भरवणाऱ्याचे डोळे समोरच्याच्या डोळ्यांच्या पातळीला किंवा खाली. उभ्याने भरवले की खाणारा मान वर करतो, आणि वर केलेल्या मानेने श्वासनलिका उघडी राहते. घास गिळल्याची खूण म्हणजे कंठमणी वर जाऊन खाली येणे. ती बघितल्याशिवाय पुढचा चमचा नाही. आवाज ओलसर, घरघरता झाला तर थांबायचे. ठसका लागला नाही म्हणून सगळे ठीक असेही नाही, काहींना ठसका येतच नाही आणि अन्न चुपचाप फुप्फुसात उतरते. जेवल्यावर निदान अर्धा तास बसतेच ठेवायचे. हनुवटी खाली घेऊन गिळणे सरसकट सगळ्यांना शिकवू नये, ते गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टने ठरवायचे. घट्ट पाणी स्वतः पेलाभर प्यायला लावणे हा या संचाचा सर्वांत कडू आणि सर्वांत मोलाचा भाग. ते प्यावेसे वाटत नाही, माणसे पाणी कमी पितात आणि त्यातून शरीर कोरडे पडते, लघवीचा संसर्ग होतो, बुद्धी भ्रमते. म्हणून दिवसभरात किती प्यायले याचा तक्ता संचात हवा. तो बहुतेक संचांत नसतो.

संचात येणारे काडीवरचे फोमचे स्वॅब आम्ही बाजूला काढू. दातांत धरले की फोम सुटून घशात जाण्याची भीती असते आणि दातांवरचा थर त्याने निघतही नाही. मऊ केसांचा लहान ब्रश पुरतो. जपानमधल्या वृद्धाश्रमांत झालेल्या आणि १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात नियमित तोंड स्वच्छ ठेवलेल्या गटात न्यूमोनिया कमी आढळला होता. दात नसलेल्यांनाही त्याचा फायदा दिसला. कवळी रात्री काढायची, पाणी भरलेल्या भांड्यावर धरून धुवायची म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. गरम पाणी नको, ती वाकडी होते. टूथपेस्ट नको, ओरखडे पडतात आणि त्यांत बुरशी घर करते.

मोबाइलमधला आणि कागदावरचा भाग

जागतिक आरोग्य संघटनेचे आयकोप हे वृद्धांच्या तपासणीचे साधन (पुस्तिका आणि मोबाइल अ‍ॅप) फुकट आहे, आणि नुसते फुकट म्हणून नव्हे, तर खरोखर नीट बांधलेले म्हणून ते प्रत्येक प्रशिक्षणात असावे. २०१९ च्या पुस्तिकेतली प्राथमिक तपासणी सहा गोष्टी पाहते: स्मरण, हालचाल, पोषण, नजर, श्रवण, मन. फूल, दार, तांदूळ असे तीन शब्द सांगून नंतर विचारायचे. आजची तारीख आणि आपण कुठे आहोत ते विचारायचे. खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठायला लावायचे, १४ सेकंदांच्या आत. तीन महिन्यांत तीन किलोहून जास्त वजन नकळत उतरले का. भूक गेली का. अ‍ॅप पुढचा मार्गही दाखवते. प्राथमिक केंद्रातल्या कर्मचाऱ्याला 'आता काय?' असा प्रश्न पडू देत नाही.

पण हात कसा चालवायचा हे अ‍ॅप शिकवत नाही, आणि निकाल तिथेच बिघडतो. खुर्ची भिंतीला टेकवलेली नसली तर ती मागे सरकते. मऊ सोफा वापरला तर धडधाकट माणूसही नापास होतो. हात छातीवर घडी घातलेले नसले तर मांड्यांवर रेटा देऊन माणूस पास होतो. श्रवणासाठीची कुजबुजीची चाचणी घेताना समोर उभे राहिले तर माणूस ओठ वाचतो. हातभर अंतरावर, मागे आणि बाजूला उभे राहायचे, दुसरा कान झाकून घ्यायचा. तीन शब्द विचारण्याआधी 'फुलाचं नाव आठवतंय ना?' अशी मदत करणारे मवाळ कर्मचारी तर प्रत्येक तुकडीत असतात.

याच संघटनेचा आयसपोर्ट हा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या घरच्यांसाठीचा अभ्यासक्रम पाच भागांचा आणि तेवीस पाठांचा आहे. पगारी सेवकांना तो अनेकदा दिला जात नाही, 'हा घरच्यांसाठी' म्हणून. तरी वागण्यातल्या बदलांवरचा त्याचा शेवटचा भाग त्यांनाही वाचायला द्यावा, कारण रात्रपाळीला गोंधळ घालणारा रुग्ण त्यांच्याच वाट्याला येतो.

कागदावरच्या दोन गोष्टी पाकिटात जरूर घाला. एक, अचानक आलेला भ्रम (डिलिरियम) ओळखण्यासाठी फोर-एटी: सावधपणा, चार सोपे प्रश्न म्हणजे वय, जन्मतारीख, जागा आणि चालू वर्ष, महिने उलट क्रमाने म्हणणे, आणि अचानक झालेला किंवा कमी-जास्त होणारा बदल. गुण चार किंवा अधिक झाले तर डिलिरियमची शंका घेऊन डॉक्टरांना कळवायचे. 'म्हातारपणाने भ्रमलेत' म्हणून सोडून दिलेली कित्येक प्रकरणे खरे तर संसर्ग, बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी किंवा नवे औषध यांची असतात. स्मृतिभ्रंश महिन्यांनी आणि वर्षांनी उतरत जातो, डिलिरियम तासांत किंवा दिवसांत येतो, एवढा फरक कळला तरी या कार्डाचे काम झाले. दोन, बोलू न शकणाऱ्यांच्या वेदनेसाठी पेनॅड: श्वास, आवाज, चेहरा, अंगाची ठेवण, आणि समजावल्यावर शांत होणे, प्रत्येकी ० ते २, एकूण १०. पाच मिनिटे नुसते बघायचे. यात चूक होते ती वेळेची. माणूस स्वस्थ पडलेला असताना गुण शून्य येतात आणि तसेच नोंदले जातात. मोजायचे असते ते कूस बदलताना, डायपर बदलताना, ड्रेसिंग करताना.

औषधांचा डबाही संचात येतो, सात दिवसांचा, चार कप्प्यांचा. डबा चांगलाच. फक्त त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, कुस्करायच्या नाहीत त्या गोळ्यांची नावे फार्मासिस्टकडून लिहून घेऊन चिकटवा: हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या, आतड्यात फुटण्यासाठी वरून थर दिलेल्या गोळ्या. घास गिळता येत नाही म्हणून हमखास याच कुस्करल्या जातात, आणि दिवसभराचा डोस एका चमच्यात पोटात जातो.